मैत्रिणीच्या देशात जायचंय, अख्खा ग्रुप घेऊन (जॉर्जिया)

गोधडी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की माझ्या ऑफिसात (जर्मनीत असते मी) एक जॉर्जियन मैत्रीण आहे. अमेरिकेतलं जॉर्जिया नाही, काळ्या समुद्राच्या पूर्वेला तो देश आहे ना तो, हे मी आता झोपेतसुद्धा सांगू शकते कारण घरी आईला तीनदा सांगून झालंय. गेली चार वर्षं दिवाळीला ती आमच्याकडे फराळाला येते, चकल्या डबा भरून नेते आणि निघताना दरवेळी म्हणते आता तुम्ही माझ्याकडे या. यंदा आम्ही 'बरं, येतो' म्हणून बसलो. आम्ही पाच जण आणि ती सहावी. सप्टेंबरअखेरीला, दहा दिवस.

कच्चा प्लॅन असा आहे, कुटाईसीला उतरायचं (तिचं घर तिथून जवळ), मग त्स्काल्तुबोतली पडकी सोव्हिएत सॅनेटोरियमं (पाण्याच्या उपचारांची आरोग्यधामं) बघायची, इन्स्टावर कसले भन्नाट फोटो आहेत त्यांचे, आमच्यातल्या दोघांचं लग्न ठरलंय आणि त्यांना तिथल्या जिन्यावर फोटो काढायचेतच, मग मेस्तिया (स्वानेतीच्या डोंगरातलं गाव), मग राजधानी तिबिलिसी, काझबेगी (हेही डोंगरात), सिघनाघी (वाईनचं गाव) आणि परत कुटाईसी.

प्रश्न: १. दहा दिवसांत होईल का? २. सगळ्यांनी तिच्या घरी राहावं की हॉटेल? ती म्हणते हॉटेलचं नाव काढलंत तर आई रडेल. ३. पैशाचं कसं करायचं? ४. आमच्यातला एक जण जैन आहे.

आळशी_अजगर

प्रश्न क्र. १. नाही. पुढचा प्रश्न.

बरं गंमत सोडा, कुटाईसी ते मेस्तिया नकाशावर एवढंसं दिसतं पण पाच तास धरा, घाटरस्ता आहे, आणि मेस्तिया ते तिबिलिसी म्हणजे अख्खा दिवस गाडीत. एकतर स्वानेती करा नाहीतर काझबेगी करा. दोन्ही केलंत तर डोंगर कमी आणि एकमेकांचं तोंड जास्त बघाल. आणि मैत्रिणीच्या घरी जाताय म्हणजे तिकडचे दिवस तुमच्या हातात नसतात हे लक्षात घ्या, एक जेवण म्हणजे एक दिवस गेला.

टपरीवरचा

जर्मनीचं वैध रेसिडेन्स परमिट असेल तर भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. नियम बदलत राहतात, निघायच्या आधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर एकदा बघाच. विमा, परतीचं तिकीट, जिथे राहणार तो पत्ता आणि मैत्रिणीच्या घरचा फोन नंबर कागदावर छापून ठेवा, मोबाईलमधे आहे म्हणू नका, नेमकी तेव्हाच बॅटरी जाते.

नाणं लारी, सुट्टे म्हणजे तेत्री. शहरात कार्ड सगळीकडे चालतं, गावात रोख ठेवा. टॅक्सीला बोल्ट ॲप वापरा.

फुकटचा_सल्ला

लोकल मैत्रीण सोबत म्हणजे राहणं फुकट, गाइड फुकट, दुभाषा फुकट. नशीबवान आहात!!

मधली_सुट्टी

@फुकटचा_सल्ला, आयडी सार्थ केलात.

गोधडी, माझा नवरा दोन वर्षं तिबिलिसीत कामाला होता, मी आणि मुलगी येऊनजाऊन, त्यामुळे थोडं अधिकारवाणीने लिहिते.

आधी राहण्याचं. पहिल्या दोनतीन रात्री तिच्या घरी राहा, नाही राहिलात तर खरंच राग येईल. पण पाच माणसं म्हणजे आईवडील स्वतःची खोली तुम्हाला देऊन सोफ्यावर झोपणार हे धरून चाला, आणि त्यावर वाद घालून उपयोग नाही. म्हणून तिसऱ्या दिवसानंतर 'फिरायला जातोय' म्हणून बाहेर पडा.

पैशाचं, टीटीएमएम हा शब्द तिकडे विसरा. तुम्ही पाकीट काढलंत की घरातला कोणीतरी काका तुमचा हात धरेल, अक्षरशः धरेल. त्यावर एकच उपाय, जिथे ते लोक बरोबर नाहीत तिथे खर्च करायचा. पेट्रोल तुम्ही भरा, सकाळी लवकर उठून बाजारातून फळं आणि चीज आणून ठेवा. पाकिटात पैसे घालून ठेवून येऊ नका, अपमान वाटतो.

फुलं नेलीत तर विषम संख्येत, सम फुलं अंत्यविधीला नेतात. हे आम्हाला कळायच्या आधी आम्ही एका बाईंना वाढदिवसाला बारा गुलाब देऊन आलो होतो, त्यांनी हसून घेतले आणि एक काढून माझ्या मुलीच्या केसात खोवला. तेव्हा वाटलं किती लाघवी बाई. कारण सहा महिन्यांनी कळलं.

आता सुप्रा. सुप्रा म्हणजे पंगत म्हणा, पण पंगतीत वाढपी महत्त्वाचा असतो तसा इथे तमादा. तमादा म्हणजे टेबलाचा म्होरक्या, तो एकेक टोस्ट सुरू करतो, शांततेसाठी, देशासाठी, गेलेल्या माणसांसाठी, आईवडलांसाठी, मुलांसाठी, पाहुण्यांसाठी, आणि प्रत्येक टोस्ट म्हणजे छोटं भाषणच असतं. मधेच आपलं आपण घोट घ्यायचा नाही, तमादाचं झाल्यावर 'गाउमार्जोस' म्हणून प्यायचं. तो जर तुमच्याकडे बघून 'अलावेर्दी' म्हणाला तर तोच धागा पुढे तुम्ही न्यायचा, म्हणजे बोलायला तयार राहा. बियर हातात घेऊन टोस्ट करू नका, जुन्या लोकांत ते वाईट दिसतं. न पिणाऱ्याने बिनधास्त नाही म्हणावं, ग्लासात तारखुना घ्यावं, ते गर्द हिरवं गोड सरबतासारखं पेय असतं, बाकीचे टोस्ट ऐकायचे.

शेवटचं पण महत्त्वाचं, रशियन येत असेल तरी आपणहून सुरू करू नका. जुन्या पिढीला येतं, ते बोलतात, पण २००८ चं रशियाबरोबरचं युद्ध कोणी विसरलेलं नाही. गोरी गावात (स्टालिनचं जन्मगाव) त्याचं म्युझियम आहे तर बघू या का असंही जेवणाच्या टेबलावर विचारू नका, घरात दोन मतं असू शकतात आणि दोन्ही मोठ्या आवाजात.

खारीक

जैन मित्रासाठी काय? कांदा लसूण पण नाही का त्याला?

गोधडी

@खारीक, नाही ना. प्रवासात थोडं चालवून घेईन म्हणतो पण बटाटा मात्र खातो, त्याचं गणित त्याचं त्यालाच कळतं.

@मधली_सुट्टी, खूप खूप आभार, प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

मधली_सुट्टी

शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही. 'समार्ख्वो' हा शब्द पाठ करा, म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपासाला मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही त्यामुळे हॉटेलात उपासाचं वेगळं मिळतं. म्हणजे जैन माणसाने जॉर्जियात उपास धरला की पोटभर जेवतो. लोबियो म्हणजे मातीच्या भांड्यातला राजमा, वांग्याच्या कापात अक्रोडाचं वाटण, पालकाचं फ्खाली, मशरूमचे खिंकाली. पण लसूण बहुतेकात असतो. लसणाशिवाय काय तर म्चादी (मक्याची जाड भाकरी) आणि खाचापुरी. पुरी म्हणजे तिकडे पाव हं, आपली पुरी नाही, आतमध्ये भरपूर चीज.

खिंकाली म्हणजे दिसायला थेट आपला उकडीचा मोदक, पाऱ्यांसकट. काट्याने खाल्लात तर आतला रस सांडतो आणि शेजारच्या टेबलवरचे लोक मान हलवतात. शेंडीला धरायचं, बाजूला चावून आधी रस प्यायचा, शेंडी ताटात ठेवून द्यायची.

कडीपत्ता

गोधडी, एक विचारू का? राग मानू नका.

त्स्काल्तुबोच्या त्या इमारतींत फोटो काढणार असं लिहिलंय तुम्ही. १९९२-९३ मधे अबखाझियात (जॉर्जियापासून फुटून निघालेला काळ्या समुद्राकाठचा भाग) युद्ध झालं, तेव्हा तिथून दोन लाखांवर जॉर्जियन माणसं घरदार सोडून निघाली आणि सरकारने त्यातल्या हजारोंना ह्याच सॅनेटोरियममधे तात्पुरतं ठेवलं. ते तात्पुरतं बऱ्याच जणांसाठी वीसपंचवीस वर्षं चाललं. इन्स्टावर ज्या पडक्या म्हणून दिसतात त्यात अगदी आत्ताआत्तापर्यंत लोक राहत होते, एखाद्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे दिसतात फोटोत, नीट बघा.

मैत्रीण कुटाईसीजवळची म्हणता. मूळची तिथलीच का? एकदा तिला विचारून घ्या एवढंच.

गोधडी

@कडीपत्ता, हे अजिबात माहीत नव्हतं, बरं झालं लिहिलंत. विचारलं मी तिला आजच जेवणाच्या सुट्टीत, म्हणाली चालेल की, जाऊ या, बघण्यासारखं आहे. मग ठेवलंय प्लॅनमधे. मेस्तिया काढून टाकलं (अजगरबुवा खूश?).

शब्दखाऊ

भाषेचं थोडं, कारण मला दुसरं काही येत नाही.

जॉर्जियनमधे 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. त्यामुळे मैत्रिणीच्या वडलांना कोणी मामा म्हणालं तर दचकू नका. आजी म्हणजे बेबिया. आणखी गोड म्हणजे मोठी माणसं लहानांना उलट आपल्याच नात्याने हाक मारतात, आजी नातवाला 'बेबो' म्हणेल, आई मुलीलाच 'देदिको' म्हणेल.

'हो' म्हणजे हो! खरंच. औपचारिक 'दियाख', साधं 'कि' आणि घरगुती 'हो'. नाही म्हणजे 'आरा'.

मोजतात विसांच्या हिशोबात, चाळीस म्हणजे ओरमोत्सि, दोन विसा, आणि ऐंशी म्हणजे चार विसा. आपल्याकडे जुनी माणसं 'चार विसा नि पाच' म्हणायची तसंच. लिपी त्यांची स्वतःची, ३३ अक्षरं, आणि चाकातला च, जगातला ज हे उच्चार आपल्याला फुकटात येतात.

आळशी_अजगर

खूश.

टपरीवरचा

गाडी भाड्याने घेणार असाल तर एक, तिकडे ओव्हरटेक हा धर्म आहे आणि रस्त्यावर गायी आहेत, म्हणजे तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. रात्री घाटात चालवू नका. कानात रंगीत बिल्ला असलेली कुत्री दिसतील, ती लस टोचलेली असतात, मागे मागे येतात आणि सोबत करतात.

खारीक

आल्यावर वृत्तांत हवाच. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

गोधडी

धागा वर काढतेय. परत येऊन आठवडा झाला, रोज लिहायला बसते आणि उठते. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

कुटाईसीला उतरलो तर विमानतळावर तिचे आई, बाबा, भाऊ, भावाचा मित्र (हा का होता ते शेवटपर्यंत कळलं नाही पण दहाही दिवस अधूनमधून होता) आणि बेबिया. बेबिया अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चार फूट दहा इंच, हातात ब्रेड. विमानातून उतरलेल्या माणसाला भूक लागलेलीच असते असं तिचं म्हणणं. लांबट होडीसारखा शोतिस पुरी, अजून गरम होता.

त्याच रात्री सुप्रा. तमादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मधली_सुट्टी तुमचं प्रिंटआउट देवासारखं कामी आलं. रात्री दीडपर्यंत चाललं. जैन मित्राला कळेना काय करावं तर त्याने तारखुनाचे सहा ग्लास रिचवले आणि अलावेर्दी त्याच्यावर आलं तेव्हा तो उभा राहून आपल्या आजोबांबद्दल बोलला, की ते दुकानाचं शटर लावायच्या आधी रिकाम्या दुकानाला नमस्कार करायचे. आम्ही त्याला बारा वर्षं ओळखतो, हे कधी ऐकलं नव्हतं. काका उठून आले आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

आणि हे सगळं आम्हाला कसं कळलं? ती भाषांतर करत होती म्हणून. काका पाच मिनिटं बोलणार, ती तीन मिनिटं इंग्लिशमधे सांगणार, आम्ही काहीतरी म्हणणार, ती परत जॉर्जियनमधे. साडेचार तास. मी झोपताना बघितलं तर तिची प्लेट जशीच्या तशी, खाचापुरीवरचं चीज घट्ट झालेलं. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, नाही पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज म्हटलं, आज त्स्काल्तुबो. आईच्या हातातला चमचा थांबला. बेबिया म्हणाली मी पण येते.

कडीपत्ता, तुम्हाला त्या क्षणी इतकी आठवण काढली म्हणून सांगू.

ते लोक सुखुमीचे, म्हणजे अबखाझियाच्या राजधानीचे. २७ सप्टेंबर १९९३ ला सुखुमी पडलं तेव्हा ती तीन वर्षांची होती, आई आणि बेबिया तिला घेऊन डोंगरातून चालत स्वानेतीत उतरल्या, वर थंडी पडायला लागली होती, त्या वाटेवर माणसं गेली पुष्कळ. आणि मग त्स्काल्तुबो. ज्या इमारतीत आम्ही 'फोटो पॉइंट' म्हणून खूण केली होती (नाव मुद्दाम लिहीत नाही), त्याच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत सात जण, तिच्या वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत. चार वर्षं मी हिच्याबरोबर रोज जेवतेय. 'कुटाईसीजवळ' म्हणायची ती, आणि मी कधी पुढे विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा जेवणाच्या सुट्टीत विचारलं, इकडे लसान्या खाताखाता.

मी गाडीत तिला म्हटलं की आपण नको जाऊ या, परत फिरू. ती म्हणाली, मी तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही सगळे तोंड पाडून आला असता, मला ते नको होतं, मला तुम्ही फोटो काढायला आलेले हवे होतात. ह्याच्यावर काय बोलायचं.

आत गेलो. खांब, संगमरवरी जिना, छताला झुंबराचे रिकामे हूक. ती दाखवत होती, ही आमची बाल्कनी, फळ्या आणि प्लास्टिक ठोकून तिचं स्वयंपाकघर केलं होतं, ह्या भोकातून चुलीचं धुराडं बाहेर जायचं. तळमजल्यावर नाचाचा हॉल आहे, सोव्हिएत काळात मॉस्कोहून रेल्वेने लोक पाण्याच्या उपचाराला यायचे त्यांच्यासाठी बांधलेला, तिथे ही सायकल शिकली. इतका मोठा गुळगुळीत हॉल कुठल्या मुलाला मिळतो सांग, असं म्हणाली आणि खरंच अभिमानाने म्हणाली.

लग्न ठरलेल्या दोघांनी कॅमेरा बॅगेतून काढलाच नव्हता, कोणाची हिंमत. तर बेबियाने विचारलं ह्यांना फोटो काढायचे होते ना, मग का नाही काढत? आमचं ततपप. बेबिया म्हणाली (भाषांतर मैत्रीण), ह्या हॉलमधे आम्ही लग्नं लावलीयेत, मी स्वतः अकरा मोजलीयेत, केक ह्या इथे ठेवायचे. आणि तिने दोघांना हाताला धरून जिन्यावर उभं केलं, सकाळी ऊन डावीकडून येतं म्हणून डावीकडे, मुलीची ओढणी नीट केली, मागचं पडकं दार फ्रेममधे येत होतं तर म्हणाली ते येऊ दे. शेवटी स्वतः मधे उभी राहिली. पत्रिकेवर तोच फोटो जाणारे, घरी आईवडलांना अजून सांगितलेलं नाही.

तिथे अजून एक कुटुंब राहतं, तिच्या आईच्या ओळखीतलं. त्या बाईंनी आम्हाला बसवलं आणि अजिका दिली. मंडळी, अजिका म्हणजे ठेचा!! लाल मिरची, लसूण, मीठ, धणे, आणि एक मसाला घालतात उत्स्खो सुनेली म्हणून, वास घेतला तर मेथी. आपल्या मेथीची बहीणच आहे ती. उत्स्खो म्हणजे परका, परका मसाला. अजिका हा मूळ अबखाझ शब्द, त्याचा अर्थ मीठ, आणि पूर्वी दगडावर दगडाने वाटायचे, मी हाताने वाटण्याची अॅक्शन करून दाखवली तर त्या बाई आणि बेबिया दोघी एकदम 'हो, हो, हो', आणि ते त्यांचं हो होतं की आमचं कोण जाणे. जेवणात अजून एक पिवळी पूड असते, इमेरेतीचं (कुटाईसीच्या प्रांताचं) केशर म्हणतात, ती चक्क झेंडूच्या सुकवलेल्या पाकळ्यांची. आपण झेंडू दाराला लावतो, ते भाजीत घालतात.

बाकी कुटाईसी भरभर सांगते. गेलाती मठ बघाच, ११०६ सालचा, तो बांधणाऱ्या दावित राजाची समाधी मुद्दाम दरवाजात आहे, येणाऱ्याजाणाऱ्याने वर पाय ठेवून जावं म्हणून. पैशाचं, सकाळी सहाला उठून बाजारात जाऊन दोन पिशव्या भरून आणल्या, तरी काकांनी पेट्रोल पंपावर माझ्या नवऱ्याशी कुस्ती खेळली. एकाने शहाणपणा करून लारी साखरेच्या डब्यामागे ठेवल्या, त्या तिबिलिसीत त्याच्याच मोज्यात सापडल्या.

आता भांडण. पाचव्या दिवशी तिबिलिसीला निघालो, वाटेत एका पंपावर थांबलो, आमच्यातल्या एकीने तिला म्हटलं, जरा विचार ना त्याला टॉयलेट स्वच्छ आहे का. आणि ती फुटली. म्हणाली, त्याला तोंड आहे, तुलाही तोंड आहे, त्याला इंग्लिश येतं, मी पाच दिवस झाले माझ्या आईशी एक वाक्य बोललेले नाही, सगळी तुमचीच वाक्यं बोलतेय. मग मागच्या सीटवर जाऊन तीन तास झोपली. गाडीत कोणी गाणंसुद्धा लावलं नाही.

फुकटचा_सल्ला, तुमची ओळ मला तिथे शब्दशः आठवली आणि राग तुमचा नाही आला, कारण आम्ही तेच केलं होतं.

तिबिलिसीत तिला तिच्या मावसबहिणीकडे सोडलं आणि आम्ही पाच जण दोन दिवस काझबेगीला गेलो, तिच्याशिवाय. त्यामुळे सगळं चुकलं आणि मजा आली. स्टेपान्त्समिंडाला (काझबेगीचंच आताचं नाव) घरमालकीणबाईंशी हातवारे, एकदा समार्ख्वो म्हणताना कायतरी भलतंच बोलले असणार मी कारण त्या देवाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून आल्या. गेर्गेतीचं चर्च २१७० मीटरवर आहे, चालत गेलो, वर ढग. काझबेकचा डोंगर दोन दिवसांत एकूण दहा मिनिटं दिसला, पहाटे, मी दात घासत होते, ब्रश तोंडात ठेवून सगळ्यांना उठवलं.

परत आलो तर ती फ्रेश, दोन दिवस बारा बारापर्यंत झोपली, कुटाईसीहून आई ट्रेनने आली होती आणि दोघी सल्फर बाथला जाऊन आल्या होत्या. सिघनाघीला आईसकट गेलो. ह्यावेळी जेवणाच्या टेबलावर आम्ही मुद्दाम त्या दोघींच्या शेजारी कोणी बसलो नाही.

मधली_सुट्टी

साडेचार तास भाषांतर आणि प्लेट तशीच, हे वाचून मला माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातली मुलगी आठवली, तिला आम्ही किती पिळलंय देवा. आज मेसेज करते तिला.

कडीपत्ता

गोधडी, वाचलं. दोनदा वाचलं. बेबियाला माझा नमस्कार सांगा.

आळशी_अजगर

सिघनाघीबद्दल एक ओळ? मैत्रिणीच्या आईसकट वाईनच्या गावात जाऊन एक ओळ?

गोधडी

@अजगर, वाईन छान होती, क्वेव्री (वाईनचे मातीचे रांजण) जमिनीत पुरलेले असतात, वरून फक्त तोंडं दिसतात, द्राक्षतोडणी चालू होती आणि आम्ही अर्धा तास तोडायला मदत करून चार तास पाठ दुखतेय म्हणत होतो. झालं?

शब्दखाऊ

अवांतर: काखेतीचा (सिघनाघी त्याच प्रांतात) विषय निघालाच आहे तर, तिथली राणी केतेवान १६२४ साली शिराझला शाह अब्बासच्या हुकमाने छळ करून मारली गेली, तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्याला आणला. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चच्या उत्खननात अस्थी सापडल्या, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासला आणि २०२१ मधे भारताने त्यातला अवशेष जॉर्जियाला भेट दिला. तुम्ही भारतीय म्हटल्यावर तिकडे कोणी गोव्याचं नाव काढलं का?

गोधडी

@शब्दखाऊ, अय्या म्हणून होतं ते! सिघनाघीजवळ एका चर्चमधे एक आज्जी माझा हात धरून 'गोआ, गोआ' करत होत्या आणि आमच्यातला एक जण बीचचं वर्णन करायला लागला. आता शरमेने मेले.

पाटा_वरवंटा

बाकी सगळं असू दे, अजिका आणली की नाही?

गोधडी

@पाटा_वरवंटा, त्या बाईंनी दोन बरण्या दिल्या होत्या. मी एक हॅन्डबॅगेत ठेवली, फुटेल म्हणून, जपून. सिक्युरिटीला काढून घेतली, शंभर मिलीच्या वर पातळ पदार्थ. मी म्हणतेय हा पातळ नाही, घट्ट आहे, चमचा उभा राहतो, बघा. चमचा नव्हता.

टपरीवरचा

ठेचा चेक-इनमधे टाकायचा असतो हे मराठी बाईला सांगावं लागतं?

गोधडी

अहो भावना अनावर झाल्या होत्या. दुसरी बरणी मैत्रिणीच्या चेक-इनमधे होती, ती वाचली, अर्धी संपली. कृती विचारली तर बेबियाने मिठाचं प्रमाण ओंजळ दाखवून सांगितलं, तिची ओंजळ माझ्या मुठीएवढी आहे त्यामुळे तेवढं चालतं.

आणि बातमी ही की बेबिया दिवाळीला येतेय इकडे. २०१७ पासून जॉर्जियन लोकांना शेंगेनला व्हिसा लागत नाही, बायोमेट्रिक पासपोर्ट असला की झालं, तो तिचा भाऊ काढून आणतोय. पहिल्यांदाच विमानात बसणारे. आता उलटा प्रश्न, वरच्या दाढा नाहीत तिला, चकली चावेल का? आणि कोणी इथे आसपास राहत असेल आणि पाटा असेल तर दोन दिवसांसाठी मिळेल का, खरंच विचारतेय.

पाटा_वरवंटा

आयडीवर जाऊ नका, माझ्याकडे मिक्सर आहे.

खारीक

चकली नको. बेसनाचे लाडू करा, नाहीतर करंजी. आणि चकली तिच्यासमोर मैत्रिणीला तळायला लावा, आजीला तेवढंच बघायचं असतं.

आळशी_अजगर

श्टुटगार्टच्या जवळ असाल तर माझ्याकडे पाटा आहे, बायकोच्या आजीचा, वजन चौदा किलो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. न्यायला दोघं जण या.